लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड सतत खाजवतोय? चिकन बंद करायच्या आधी हे वाचा

आमचा बाळ्या म्हणजे ३६ किलोचा लॅब, नाव बाळ्या असलं तरी लाडात येऊन अंगावर पडला की धडधाकट माणूस खाली बसतो. पावणेदोन वर्षांचा असताना ऐन पावसाळ्यात त्याची खाज सुरू झाली. रात्री दोन वाजता चप चप चप असा आवाज यायचा, लाइट लावला की साहेब पुढचा पंजा तोंडात घेऊन बसलेले, आणि पिवळट केसांचे पंजे थुंकीने तांबूस तपकिरी झालेले, विटकरी रंगात बुडवल्यासारखे. सोसायटीत ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं उत्तर एकच, "चिकनची ऍलर्जी असणार, चिकन बंद करा." मग आम्ही चिकन बंद केलं, फूड बदललं, परत बदललं, पाच महिन्यांत तीन ब्रँड झाले, प्रत्येक पोतं आधीच्यापेक्षा महाग, आणि बाळ्या आपला खाजवतोच आहे.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काहीही न विचारता उवांची असते तसली बारीक फणी काढली, शेपटीच्या मुळाशी चार वेळा फिरवली, फणीत आलेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकला आणि म्हणाले, दोन मिनिटं थांबा. ते काळे कण हळूहळू फुटले आणि टिश्यूवर लाल-तपकिरी डाग पसरले. पिसवांची विष्ठा ती, म्हणजे बाळ्याचंच पचलेलं रक्त! पाच महिने आम्ही पोत्यांवर पैसे घालत होतो आणि पहिलं उत्तर दोन रुपयांच्या टिश्यूवर होतं.

म्हणून नवीन लोकांना मी एकच गोष्ट सांगते, खाजेचं कारण क्रमाने शोधायचं. आधी किडे, मग इन्फेक्शन, मग जेवण, आणि सगळ्यात शेवटी धूळ-परागकण वगैरे हवेतलं. हा क्रम माझा नाही, स्किन बघणारे व्हेट असंच जातात. मधली पायरी गाळली की पुढच्या पायरीचं उत्तर चुकीचं येतं.

ऍलर्जी दिसते कशी

आपल्याला ऍलर्जी झाली की शिंका येतात, डोळ्यातनं पाणी येतं. कुत्र्यांना शिंका कमी आणि खाज जास्त. आणि खाज म्हणजे फक्त पायाने खाजवणं नव्हे बरं का, इथेच नवीन लोक चुकतात. पंजे चाटणं ही खाज, तोंड सोफ्याला घासणं ही खाज, गालिच्यावर ढुंगण घासत जाणं, सारखे कान फडफडवणं, पुढच्या दातांनी मका कुरतडल्यासारखं मांडी कुरतडणं, सगळी खाजच. आमच्या शेजारचे काका त्यांच्या गोल्डनबद्दल म्हणायचे की फार स्वच्छ आहे हो, मांजरासारखा पाय चाटत बसतो. तो स्वच्छ नव्हता, बिचारा हैराण होता.

कुठे खाजवतो त्यावरनं अंदाज येतो. कमरेचा मागचा भाग, शेपटीचं मूळ, मागच्या मांड्या, तर पहिला संशय पिसवांवर. पंजे, काखा, जांघा, तोंड, कान, तर धूळ-परागकण किंवा जेवण. कान आणि ढुंगण दोन्ही, त्यात अधूनमधून पातळ शी, दिवसातनं चार-पाच वेळा शी, पोटात गुरगुर, तर जेवणावर संशय वाढतो. हे अंदाजच आहेत, निकाल नाही, कारण जेवणाची आणि धुळीची ऍलर्जी बाहेरून दिसायला अगदी जुळ्या भावांसारखी असते.

वय पण बघा. धूळ-परागकणांची ऍलर्जी, ज्याला डॉक्टर एटॉपी म्हणतात, ती बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, आणि लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, बॉक्सर या जातींत जास्त दिसते. आठ-नऊ वर्षांचा कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा खाजवायला लागला तर ऍलर्जी म्हणून सोडून देऊ नका, दुसरं काहीतरी शोधायला लावा. आणि खाज अजिबात नाही पण केस निस्तेज, शेपटी उंदरासारखी केस गेलेली, वजन वाढतंय, कुत्रा मंद झालाय, तर थायरॉइडची टेस्ट विचारा. मोठ्या जातींत, विशेषतः गोल्डन आणि डॉबरमनमध्ये, हे बऱ्यापैकी दिसतं आणि लोक ऍलर्जी ऍलर्जी म्हणून शाम्पू बदलत बसतात.

अजून एक. एकच पाय चाटतोय, बाकी तीन ठीक? मग ऍलर्जी विसरा आणि बोटांच्या मधे टॉर्च मारून बघा. आमच्याकडे साताऱ्यात पावसाळा सरला की माळावर कुसळी वाळतात आणि ते कुसळ बोटांच्या बेचक्यात घुसतं, वरून फक्त बारीक भोक आणि सूज दिसते. कानात पण जातं, मग कुत्रा मान एका बाजूला वाकडी करून डोकं झटकत राहतो. ते व्हेटनेच काढायचं, घरी चिमट्याने कोरू नका, आत तुटतं.

पहिली पायरी: किडे, आणि हे मनापासून करा

पिसवांची ऍलर्जी म्हणजे पिसवेच्या लाळेची ऍलर्जी. त्यामुळे अंगावर शंभर पिसवा असायची गरज नाही, एक-दोन चावल्या तरी अशा कुत्र्याला आठवडाभर खाज पुरते. उलट ज्याला ऍलर्जी असते तो इतका चाटतो-कुरतडतो की पिसवा अंगावर सापडतच नाहीत. म्हणून "आमच्याकडे पिसवा नाहीत हो, मी रोज बघते" याला काही अर्थ नाही, मीही हेच म्हणायचे. वर सांगितलेली ओल्या टिश्यूची टेस्ट करा. साधी माती असेल तर टिश्यूवर काळीच राहील, पिसवांची घाण लाल होईल. टेस्ट कोरी आली तरी औषध द्यायचंच, कारण चाटून सगळं साफ झालेलं असू शकतं.

औषध कसलं, तर अंगाला लावायची पावडर नको, ती ३६ किलोच्या कुत्र्याच्या दाट केसांत कुठवर पोचणार. तोंडातून द्यायच्या गोळ्या येतात, अफॉक्सोलॅनरची महिन्याला एक, फ्ल्युरालॅनरची साधारण बारा आठवड्यांना एक. या वजनाच्या गटाप्रमाणे असतात, म्हणून आधी वजन करा. मोठा कुत्रा घरच्या काट्यावर उभा राहत नाही, तर सरळ दवाखान्याच्या काट्यावर चढवा, किंवा त्याला उचलून तुम्ही काट्यावर उभे राहा आणि मग तुमचं वजन वजा करा, कंबर मजबूत असेल तर. दोन छोट्या कुत्र्यांच्या गोळ्या आणून जुगाड करू नका, एक गोळी अर्धी करून दोन कुत्र्यांना तर अजिबात नको. आणि कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

घरातले सगळे प्राणी एकाच वेळी. मांजर असेल तर तिचं औषध वेगळं, कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला लागलं तर जिवावर बेततं.

आता महत्त्वाचं. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे थोडा भाग, बाकी सगळं अंडी, अळ्या, कोष या रूपात तुमच्या घरात असतं, गादीखाली, सोफ्याच्या फटीत, जिन्याखाली, गाडीच्या मागच्या सीटवर. कोष महिनोन्‌महिने टिकून राहतो. त्यामुळे एका गोळीने पंधरा दिवसांत फरक नाही पडला म्हणून औषध सोडायचं नाही, निदान तीन महिने सलग, आणि झोपायची चादर आठवड्याला गरम पाण्यात. बाळ्या आजेसासूबाईंच्या जुन्या गोधडीवर झोपायचा, सहा पदरी गोधडी, धुतली की चार दिवस वाळत नाही, पिसवांचा राजवाडाच तो! जड मनाने काढली, आता पातळ सतरंजी आणि तिच्यावर चादर.

किड्यांमध्येच खरूज येते, गावाकडे लूत म्हणतात ती. कानांच्या कडा, कोपरं, पोट, आणि खाज भयंकर, झोपेतून उठून. कानाची कड दोन बोटांत धरून चोळा, चोळल्याबरोबर मागचा पाय हवेत खाजवायला लागला तर संशय पक्का धरा. आणि घरातल्या माणसांच्या हातावर-पोटावर पण पुटकुळ्या यायला लागल्या असतील तर अजूनच पक्का. यासाठी व्हेट ब्लेडने स्किन खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, पण किडा दर वेळी सापडतोच असं नाही, म्हणून कित्येकदा औषध देऊनच बघतात. वर सांगितलेल्या पिसवांच्या गोळ्यांच्याच जातीची औषधं यावर चालतात, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

दुसरी पायरी: इन्फेक्शन

खाजवून खाजवून स्किन फुटते, मग त्यावर जंतू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) बसतात, आणि मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. आग लागलेल्या घरात वर रॉकेल. हे जोवर साफ होत नाही तोवर ऍलर्जीचं कुठलंही औषध नीट लागू पडत नाही, आणि जेवण बदलूनही काही कळत नाही.

यीस्टला नाकाने ओळखा. पंजे, काखा, कान यांना आंबलेल्या पिठासारखा वास, स्किन चिकट-तेलकट, जुनं असेल तर काळी आणि जाड झालेली, हत्तीच्या कातड्यासारखी. जंतूंचं इन्फेक्शन म्हणजे पुटकुळ्या, पिवळट खपल्या, आणि गोल गोल चट्टे ज्यांच्या कडेने साल सुटलेली असते. हे गोल चट्टे बघितले की घरातलं कोणीतरी हमखास "गजकर्ण आहे" म्हणतं आणि मेडिकलमधनं ते मिक्स क्रीमचं ट्यूब आणतं, ज्यात स्टेरॉइड पण असतं. नका लावू. कुत्रा ते चाटून खातो आणि चट्टा आतून वाढत राहतो. व्हेट पारदर्शक टेप चट्ट्यावर चिकटवून, रंग टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, दहा मिनिटांत कळतं यीस्ट आहे की जंतू. तुमच्या डॉक्टरांकडे मायक्रोस्कोप नसेल तर व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात जा. आमच्या जिल्ह्यात शिरवळला कॉलेज आहे, मुंबईला परळ, नागपूर, परभणी, उदगीर, अकोला इथे पण आहेत.

शाम्पूबद्दल जरा सविस्तर, कारण मोठ्या कुत्र्याचं निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा मेडिकेटेड शाम्पू, डॉक्टर सांगतील त्या टक्केवारीचा, सुरुवातीला बहुधा आठवड्यातनं दोनदा. आधी कुत्रा कातडीपर्यंत ओला झाला पाहिजे. लॅबचे केस पाणी झटकून टाकायलाच बनलेत, वरून चकचकीत ओला दिसतो आणि आत बोट घातलं तर कोरडा! मग शाम्पू पाण्यात थोडा पातळ करून, पंजे, काखा, जांघा, पोट इथून सुरुवात करायची, पाठ शेवटी. आणि लावल्यावर दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवायचं. लावला आणि धुतला असं केलं तर पैसे मोरीत गेले. दहा मिनिटं ३६ किलोचा ओला प्राणी बाथरूममध्ये थोपवून धरणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहिती, आम्ही टाइल्सवर थोडं पीनट बटर फासतो, ते चाटण्यात वेळ जातो. दोन गोष्टी मात्र सांभाळा, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही हे लेबलवर वाचा, ते कुत्र्याला विष आहे, आणि जेवणाची टेस्ट चालू असेल तेव्हा पीनट बटर पण बंद. मग भरपूर पाण्याने धुवा, शाम्पू राहिला तर त्याचीच खाज. आणि पूर्ण वाळवा. दाट आतल्या केसांचे गोल्डन, जर्मन शेफर्ड आतून ओले राहिले की हॉट स्पॉट होतो, संध्याकाळी रुपयाएवढा लाल ओला डाग आणि सकाळी तळहाताएवढी जखम. पावसात भिजून आल्यावरही हेच, टॉवेल आणि मग ड्रायर, पण गरम नाही, गार हवेवर.

माणसांचा शाम्पू, डेटॉल, लिंबू, कडुलिंबाचं तेल, हळद-खोबरेल हे सगळं बाजूला ठेवा. मला माहितीये आजी लावायच्या आणि बरं व्हायचं. खोबरेल लावलं की कुत्रा दुप्पट चाटतो आणि चाटलं की ओल राहते, ओल राहिली की यीस्ट. टी ट्री ऑइल तर विषारी आहे. आणि फरशीला फिनाइल लावत असाल तर एक महिना साध्या पाण्याने पुसून बघा, पोट आणि पंजे दिवसभर त्याच फरशीवर असतात.

कानांचं थोडक्यात, वारंवार कान वाहतोय, वर्षातून तीन-चार वेळा, तर तो कानाचा आजार कमी आणि ऍलर्जीचं लक्षण जास्त. काडी घालू नका, घरात उरलेले जुने ड्रॉप्स टाकू नका, पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येऊ शकतं. आधी डॉक्टर आत बघतील, मग ड्रॉप्स. लॅब पोहत असेल तर पोहून आल्यावर कान कोरडे करणं ही रोजची सवय.

तिसरी पायरी: जेवण, आता चिकनचा नंबर

किडे गेले, इन्फेक्शन गेलं, तरी वर्षभर, उन्हाळा-पावसाळा न बघता खाज आहे. आता जेवणाकडे या.

रक्ताची, केसांची, थुंकीची टेस्ट करून "तुमच्या कुत्र्याला या चाळीस गोष्टी चालत नाहीत" असा रंगीत रिपोर्ट मिळतो, तो जेवणाच्या ऍलर्जीसाठी भरवशाचा नाही. भरवशाची टेस्ट एकच, एलिमिनेशन डाएट. त्याने आजवर कधीच न खाल्लेलं एक प्रोटीन आणि एक कार्बोहायड्रेट, आठ आठवडे, दुसरं काहीही नाही. दुसरा मार्ग म्हणजे हायड्रोलाइज्ड फूड, ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखूच येत नाही.

२०१६ मध्ये कुत्र्यांच्या जेवणाच्या ऍलर्जीच्या जुन्या सिद्ध झालेल्या केसेस एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ असं निघालं. त्या केसेस बहुतांश बाहेरच्या देशातल्या, तिथले कुत्रे बीफ जास्त खातात. यातून कामाचं काय, तर कुत्र्याला ऍलर्जी होते ती तो नेहमी जे खातो त्याची. आपल्याकडे ते म्हणजे चिकन-भात, दूध-चपाती, दही, अंडं. म्हणजे चिकनवर संशय घेणं चूक नाही, पण चिकन काढून दूध-चपाती चालू ठेवली तर कळणार काय कप्पाळ? "ग्रेन-फ्री" फूडच्या मागे पण डोळे झाकून जाऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, डाळी-वाटाणे जास्त असलेल्या अशा काही फूड्सचा आणि हृदय मोठं होण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती, आलेल्या केसेसमध्ये गोल्डन आणि लॅब बरेच होते. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण मोठ्या जातीला उगाच का.

आमच्याकडे पर्याय निघाला मटण आणि रताळं, कारण बाळ्याने मटण कधी खाल्लं नव्हतं (आम्हालाच महिन्यातनं एकदा परवडतं). कोकणातल्या माझ्या बहिणीच्या कुत्र्याला मासळी रोजची, त्याला मासळी देऊन काय उपयोग, त्याला वेगळं शोधावं लागेल. तुमच्या कुत्र्याने काय काय खाल्लंय याची यादी आधी कागदावर काढा, बिस्किटं आणि च्यू स्टिक धरून. कांदा-लसूण-मसाला काही नाही, नुसतं उकडलेलं. जुन्यावरून नव्यावर पाच-सहा दिवसांत हळूहळू या, नाहीतर जुलाब लागतील आणि तुम्हाला वाटेल हीच ऍलर्जी.

इथे मोठ्या जातीचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. तुमचं पिल्लू अजून वाढतंय, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या आतलं, तर नुसतं मटण-रताळं आठ आठवडे देऊ नका. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, आणि लॅब, डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्डची हाडं या काळात झपाट्याने वाढत असतात, कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकडे होतात आणि मनाने पावडर घालून जास्त झालं तरी सांधे बिघडतात. पिल्लांसाठी वाढीला चालणारं हायड्रोलाइज्ड फूड डॉक्टरांना विचारून. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला टेस्टपुरतं घरचं चालतं, कायमचं द्यायचं असेल तर कॅल्शियम आणि बाकीच्या गोष्टी बसवून घ्याव्या लागतात.

आणि आता खरी परीक्षा कुत्र्याची नाही, घराची. आमचा पहिला प्रयत्न तिसऱ्या आठवड्यात फसला. खाज कमी होत होती आणि एकदम वाढली. शोध शोध शोधलं, शेवटी सासूबाईंच्या खुर्चीखाली तूप लावलेल्या चपातीचा चतकोर सापडला. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तो असा बघतो की घास गिळत नाही, आणि एवढ्याशाने काय होतंय." होतं. एवढ्याशानेच होतं, आणि घड्याळ परत शून्यावर येतं. दुसऱ्या वेळी मी त्यांनाच हेड केलं, बाळ्याच्या डब्याच्या चाव्या त्यांच्याकडे, उकडलेल्या रताळ्याच्या चकत्या त्यांच्या हातात, द्यायच्या तर याच द्या. त्यानंतर घरात कोणाची हिंमत झाली नाही. वॉचमन काका पार्ले-जी द्यायचे, त्यांना पण रताळ्याची पुडी दिली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. फिरायला जाताना रस्त्यावरचं उचलू नये म्हणून जाळीचं मुसकं, कारण लॅबचं नाक खाली आणि तोंड उघडं हे ठरलेलं.

लपलेल्या गोष्टी: जंताच्या आणि पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाचा फ्लेवर असतो, टूथपेस्टला असतो, कॅप्सूलमध्ये जिलेटिन असतं. टेस्टच्या काळात यांचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा, आपल्या मनाने पिसवांची गोळी बंद करू नका.

फरक पडला तर बरेच लोक इथेच थांबतात, आणि इथे थांबायचं नसतं. जुनं जेवण परत द्यायचं. ऐकायला क्रूर वाटतं, पण दोन आठवड्यांच्या आत खाज परत आली तरच जेवणाची ऍलर्जी सिद्ध, नाहीतर कदाचित ऋतू बदलला म्हणून बरं वाटलं असेल. खाज आली की परत टेस्टच्या डाएटवर यायचं, आणि मग एकेक पदार्थ सुटा देऊन बघायचा. बाळ्याचं काय निघालं? काहीच नाही. आठ आठवडे मटण खाऊन थोडी खाज होतीच, आणि जुनं चिकनवालं फूड दिलं तेव्हा वाढलीही नाही. बिचाऱ्या चिकनवर उगाच आळ होता. आता तो आनंदाने चिकन खातो.

चौथी पायरी: मग उरते हवा

वरचं सगळं वजा केलं की जे उरतं ती एटॉपी. घरातले धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), बुरशी, परागकण. याची निदान करणारी टेस्ट नाही, वजाबाकीच आहे. रक्ताची किंवा स्किनची ऍलर्जी टेस्ट इथे एका कामाला येते, ऍलर्जीची लस बनवायची असेल तर त्यात काय घालायचं ते ठरवायला. ती लस महिनोन्‌महिने द्यावी लागते, वर्षभर थांबल्याशिवाय लागू पडली की नाही सांगता येत नाही.

आमच्याकडे दमट हवेत माइट्स आणि बुरशी वाढतात म्हणून पावसाळ्यात त्रास, आणि मग पाऊस थांबला की रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. त्याने माणसांच्याच अंगावर चट्टे उठतात, कुत्रा तर त्यात पोट घासत फिरतो. रस्ता बदला. फिरून आलं की चारही पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसा आणि बोटांच्या मधे कोरडं करा. चादर आठवड्याला कडक गरम पाण्यात. दिवाळीची साफसफाई चालू असेल त्या दिवशी कुत्र्याला दुसरीकडे न्या.

औषधांत काय काय असतं ते माहिती असू द्या, देणारे डॉक्टरच. ओक्लासिटिनिबची गोळी खाज एका दिवसात खाली आणते, पण एक वर्षाच्या आतल्या कुत्र्याला नाही, आणि वजनाप्रमाणे डोस असल्याने मोठ्या कुत्र्याचं बिल पण वजनाप्रमाणेच. सायक्लोस्पोरिन चार ते सहा आठवडे घेतं लागू पडायला. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन साधारण चार ते आठ आठवडे काम करतं. माणसांची ऍलर्जीची गोळी सेट्रिझिन थोड्याच कुत्र्यांना उपयोगी पडते, आणि सर्दीचं औषध मिसळलेली गोळी चुकून दिली तर धोका. फिश ऑइल चांगलं, पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात.

स्टेरॉइड वाईट नाही, बेफाम वापर वाईट. "एक इंजेक्शन मारा, महिनाभर शांत" हे ऐकायला फार गोड लागतं, पण ते लांब टिकणारं स्टेरॉइड एकदा आत गेलं की परत काढता येत नाही आणि खाजेचं खरं कारण झाकून जातं. गोळ्या असतील तर पाणी-लघवी-भूक तिन्ही वाढणार, भूक वाढलेला लॅब म्हणजे घरात दरोडाच, वजन वाढलं की कंबर-गुडघे गेले. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू. आणि मोठ्या कुत्र्यांच्या पालकांनी हे ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर लावा: सांधेदुखीचं औषध, मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन चालू असेल तर त्यासोबत स्टेरॉइड नाही, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. हाडाचा डॉक्टर एक, स्किनचा दुसरा, आणि दोघांना एकमेकांचं माहिती नाही असं सर्रास होतं, तेव्हा सगळी औषधं पिशवीत भरून न्या.

एक वही ठेवा. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा मार्क, आणि त्या दिवशी काय वेगळं झालं ते एका ओळीत. माझ्या वहीत "७, गणपतीचे पाहुणे, मोदक" अशी नोंद आहे. पटकन निर्णय घेता येतात, आणि डॉक्टरांनी "फरक आहे का" विचारलं की घरातल्या चार माणसांची चार उत्तरं येत नाहीत.

आणि हे मात्र थांबायचं नाही

वरचं सगळं आठवड्या-महिन्यांचं काम. पण मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली, नवीन औषध किंवा लस दिली, आणि तासाभरात तोंड सुजलं, अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, तर लगेच डॉक्टरांना फोन. त्यासोबत उलटी, जुलाब, हिरड्या पांढऱ्या, पाय लटपटणं, श्वास लागणं, यातलं काहीही असेल तर फोनही गाडीतून करा. कुत्र्यांमध्ये जोराची ऍलर्जी कधीकधी तोंडावर न दिसता थेट उलटी आणि कोसळण्यातून दिसते. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबा.

कोसळलेला ४० किलोचा कुत्रा दोघांना हाताने उचलत नाही, अंग सोडलेलं असतं आणि तो निसटतो. जाड चादर शेजारी पसरा, कुशीवरून त्याला चादरीवर सरकवा, चार कोपरे दोघांनी धरा आणि डोकं थोडं पुढे मोकळं ठेवा. रात्री उघडा असलेला दवाखाना कुठला आणि मागच्या सीटवर कुत्रा घेणारा रिक्षावाला कोण, हे दोन नंबर आधीच सेव्ह करून ठेवा. चादर सोलापुरी घ्या, जुनी विरलेली नको, आमची जिन्यातच फाटली होती.